वय, लग्न, गर्भ, वजन: नर्गेश मिर्झा खटला पुन्हा वाचताना

एअर इंडिया या तेव्हाच्या सरकारी महामंडळाच्या सेवा नियमावलीतला ४६ वा नियम निवृत्तीचा होता. बाकीचे कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त व्हायचे. हवाई सुंदरींसाठी वेगळं पोटकलम होतं. वयाची ३५ वर्षं पूर्ण झाली, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर यांतलं जे आधी घडेल तेव्हा तिची नोकरी संपायची. ४७ व्या नियमाने थोडी फट ठेवली होती. ती वैद्यकीयदृष्ट्या ठीक असेल तर व्यवस्थापकीय संचालकांना वाटल्यास तिला एकेका वर्षाची मुदतवाढ मिळे, फार तर ४५ व्या वर्षापर्यंत.

त्याच विमानात, त्याच प्रवाशांना जेवणाचे ट्रे देणारा आणि त्यांचीच घंटी ऐकून धावणारा असिस्टंट फ्लाइट पर्सर पुरुष असायचा. त्याचं लग्न कधी झालं, त्याला मुलं किती, हे नियमावली विचारत नव्हती. तो ५८ पर्यंत नोकरीत राहू शकत होता.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झालं. इंडियन एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींच्या याचिकाही त्यात जोडल्या गेल्या, कारण तिथेही नियमांचा साचा हाच होता, वयाचे आकडे तेवढे वेगळे. २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल लागला. तो न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली यांनी लिहिला.

कायद्याच्या पुस्तकांत हा खटला बहुतेकदा एका ओळीत संपतो: गर्भार राहिली म्हणून नोकरीवरून काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. हे खरं आहे आणि मोठंही आहे. पण निकालपत्र सबंध वाचलं की वेगळंच चित्र दिसतं. बाईच्या शरीरावर मालकाने किती आणि कसली नजर ठेवावी, यावर तीन न्यायमूर्तींचं पीठ वाद ऐकतं, त्यातल्या काही नजरा चालतील म्हणतं, काही चालणार नाहीत म्हणतं. नजर ठेवण्याचा हक्क मालकाला मुळात आहे का, हा प्रश्न तिथे फारसा कुणी उभाच करत नाही.

तरुण का हवी?

नियम काही रातोरात आलेला नव्हता. १९६५ साली खोसला लवादासमोर आणि १९७२ साली महेश लवादासमोर हवाई सुंदरींच्या सेवाशर्तींचा प्रश्न गेला होता. खोसला निवाड्यातला एक युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात उद्धृत झाला आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. त्याचा आशय असा: हवाई सुंदरीला नाना स्वभावाच्या प्रवाशांना तोंड द्यावं लागतं. तरुण, आकर्षक मुलगी अवघड, अडचणीचे प्रसंग जितक्या सहज निभावून नेते तितकं जास्त वयाच्या, कमी देखण्या बाईला जमत नाही.

अवघड प्रसंग म्हणजे कोणते, हे विमानात काम केलेल्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना बसलेली माणसं, वरच्या कप्प्यात सामान ठेवायला हात उंचावले की साडीतून दिसणारी कंबर, तिसरा पेग मागणारा प्रवासी, ‘जरा इकडे’ म्हणत मनगटाला घातलेला हात. सिटी बसमध्ये तिकडून ढकललं की निदान ओरडता येतं, पुढच्या स्टॉपला उतरता येतं. इथे पुढचा थांबा सहा-सात तासांनी, आणि चेहऱ्यावर हसू ठेवणं हा कामाचाच भाग.

आता त्या युक्तिवादाकडे पुन्हा पाहू. प्रवासी त्रास देणार हे लवादाला मान्य आहे. त्यावर उपाय काय, तर त्या प्रवाशाला समज देणं, विमानातून उतरवणं, पुन्हा तिकीट न देणं, यातलं काहीच नाही. उपाय म्हणजे वीस-बावीस वर्षांची देखणी मुलगी, जी हसून वेळ मारून नेईल. छेडछाड करणाऱ्याचं वागणं हीच तिच्या भरतीची पात्रता ठरली, आणि वयाने ती पात्रता संपली की नोकरीही. आपल्याकडे मुलीला ‘तू कशाला गेलीस त्या रस्त्याने’ असं विचारतात, त्याची ही शिक्का मारलेली, सरकारी महामंडळाच्या कागदावर टंकलिखित आवृत्ती.

सर्वोच्च न्यायालयाने इथे मात्र चांगलेच कान उपटले. गोड वागणाऱ्या तरुण मुली प्रवाशांच्या आवडीनिवडी पुरवणाऱ्या शोभेच्या वस्तू म्हणून ठेवायच्या, हे म्हणणंच पोकळ आहे. अनुभवी, मोठ्या वयाच्या स्त्रिया प्रवाशांची जास्त चांगली काळजी घेऊ शकतात, असं निकाल म्हणतो. एअर इंडियासारख्या नामांकित महामंडळाने असं बोलणं अभिरुचीला सोडून आहे, त्यातून स्त्रियांना कमी लेखणं आणि पुरुषी अहंकार दिसतो, असेही शब्द त्यात आहेत. १९८१ सालच्या न्यायालयीन भाषेत हे कडकच.

संचालकांच्या मर्जीची दहा वर्षं

गर्भधारणेच्या कलमाची चर्चा सगळेच करतात, म्हणून मी आधी ४७ व्या नियमाकडे जाते. रोजच्या जगण्याच्या दृष्टीने तोच जास्त जाचक होता असं मला वाटतं.

३५ उलटलेल्या हवाई सुंदरीचं वर्ष कसं जात असेल, याचा फक्त अंदाज करा. दर वर्षी वैद्यकीय तपासणी, आणि ती उत्तीर्ण झाली तरी मुदतवाढ मिळेलच असं नाही. कोणत्या निकषावर मिळेल, हे नियमात कुठेही नाही. नाकारली तर कारण सांगायची सक्ती नाही, वर दाद मागायची सोय नाही. अशा बाईने रोस्टरबद्दल तक्रार करावी? एखाद्या वरिष्ठाच्या लगटीबद्दल लेखी द्यावं? पहिल्या वर्गातल्या बड्या प्रवाशाने हात धरला तर कॅप्टनपर्यंत जावं? करूही शकेल. पण पुढच्या पत्रावर सही कुणाची असणार आहे, हे तिला माहीत असतं.

कार्यालयांतल्या छळाबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर एखादा वाईट माणूस असतो. तो असतोही. पण त्याच्या हातात काय आहे हेही बघायला हवं. निकष नसलेला अधिकार ज्याच्याकडे, त्याला वाईट वागण्याचीही गरज पडत नाही. समोरची आपणच दबून राहते. वर्षावर्षाच्या करारावर काम करणाऱ्या शिक्षिका, अंशकालीन नर्स, मुदतवाढीच्या फाइलकडे डोळे लावून बसलेल्या कंत्राटी कर्मचारी यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

न्यायालयाने हा मर्जीचा अधिकार घटनेच्या १४ व्या कलमाशी विसंगत ठरवून रद्द केला. अनिर्बंध, दिशाहीन, एकीला देऊन दुसरीला नाकारण्याची मुभा देणारा, असं त्याचं वर्णन केलं. परिणाम असा की वैद्यकीयदृष्ट्या ठीक असलेल्या हवाई सुंदरीला ४५ पर्यंत काम करण्याचा हक्क मिळाला, संचालकांची कृपा लागेना. पस्तिशीचं बंधन यामुळे व्यवहारात गेलं. पुरुष सहकाऱ्याचे ५८ आणि तिचे ४५, हा तेरा वर्षांचा फरक मात्र राहिला, आणि तो न्यायालयाला गैर वाटला नाही.

वेगळी केली म्हणून वेगळी

का नाही वाटला? घटनेचं १५ वं आणि १६ वं कलम ‘केवळ’ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करतं. न्यायालयाने म्हटलं की इथे भेद केवळ लिंगावरून नाही. हवाई सुंदरी हा वेगळा संवर्ग आहे: भरतीची पद्धत वेगळी, बढतीची शिडी वेगळी, भत्ते वेगळे. वेगळ्या संवर्गाला वेगळे नियम लागू शकतात.

ऐकायला सरळ वाटतं. पण हा संवर्ग वेगळा केला कुणी? महामंडळानेच. त्यात फक्त बायका घेतल्या, पुरुष घेतले नाहीत, त्यांना वेगळी शिडी दिली, आणि उद्या कुणी विचारलं तर सांगितलं की शिडीच वेगळी आहे. समान वेतन कायदा १९७६ चा. त्याची अडचण होऊ नये म्हणून १५ जून १९७९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून जाहीर केलं होतं की हवाई सुंदरी आणि फ्लाइट स्टुअर्ड यांच्या सेवाशर्तींमधला फरक लिंगावर आधारलेला नाही. ज्याच्या मालकीचं महामंडळ, त्यानेच दिलेलं हे प्रमाणपत्र. न्यायालयाने तेही वजनात धरलं.

या युक्तिवादाचा समाचार घ्यायला ३७ वर्षं लागली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलैंगिक संबंधांच्या खटल्यात, म्हणजे नवतेज सिंग जोहर प्रकरणात, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात नर्गेश मिर्झा निकालातल्या या अर्थावर टीका केली. ‘केवळ लिंग’ आणि ‘लिंग अधिक आणखी काही’ अशी फोड करत बसलं तर १५ व्या कलमात काही उरतच नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. कारण लिंगभेद कधी एकटा येतच नाही. त्याच्या सोबत बाईने कसं दिसावं, कधी लग्न करावं, काय तिला शोभतं, हे सगळं बिऱ्हाड येतं.

लग्न चालेल, पण तेविसाव्या वर्षानंतर

चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाईल, हे कलम न्यायालयाने कायम ठेवलं. कारणं वाचण्यासारखी आहेत. मुलगी साधारण १९ व्या वर्षी नोकरीला लागते, चार वर्षांनी ती २३ ची होते, तोवर तिला पूर्ण समज येते. तिची प्रकृती सुधारते. २०-२३ च्या सुमारास झालेलं लग्न यशस्वी होण्याची शक्यता जास्त. कुटुंबनियोजनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमालाही हातभार लागतो. आणि लग्न करून मुली सोडून गेल्या तर नव्या भरतीचा नि प्रशिक्षणाचा खर्च महामंडळाला सोसावा लागेल.

शेवटचं कारण प्रामाणिक आहे. बाकीची वाचताना लग्नाच्या बैठकीतले काका आठवतात. बालविवाह प्रतिबंधक कायद्यात १९७८ साली दुरुस्ती होऊन मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ झालं होतं. संसदेने १८ पुरेसं मानलं, विमान कंपनीने २३ सांगितलं, आणि ते मुलीच्या भल्याचं म्हणून मान्य झालं. मुलाच्या, म्हणजे फ्लाइट पर्सरच्या, लग्नाच्या यशापयशाची काळजी कुणाला पडली नाही. त्याने २१ व्या वर्षी लग्न केलं असतं तरी लोकसंख्या वाढलीच असती की.

आणि हे करताना न्यायालयाच्याच मागच्या एका निकालाची आठवण ठेवायला हवी होती असं मला वाटतं. १९६५ साली, मुंबईच्याच एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलिंगचं काम करणाऱ्या बायकांचा प्रश्न बॉम्बे लेबर युनियनने सर्वोच्च न्यायालयासमोर नेला होता. तिथेही लग्न झालं की कामावरून कमी, असा नियम. कंपनी म्हणे, या बायका गटाने काम करतात, विवाहित बाईच्या रजा जास्त होतात. न्यायालयाने ते फेटाळलं आणि नियम रद्द करायला लावला. बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या बायकांना लग्नाचं स्वातंत्र्य मिळालं. सोळा वर्षांनी, जिचा चेहरा कंपनीच्या जाहिरातीत झळकतो तिला मिळालं नाही. बॉम्बे लेबर युनियनच्या बायकांना कुणी आकर्षक असायला सांगितलं नव्हतं, हा एक फरक त्यात असावा.

मातृत्वाचा गौरव, तोही अटीवर

आता ते गाजलेलं कलम. पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी समाप्त. महामंडळाने सांगितलं, गर्भारपणामुळे दीर्घ गैरहजेरी येते, प्रकृतीच्या तक्रारी येतात, मूल झाल्यावर कामात लक्ष राहत नाही. न्यायालयाने विचारलं की तुम्ही लग्नाला परवानगी देता आणि मुलाला नाही, हे कसं? लग्न झालेल्या बाईला आई होण्यापासून रोखण्यासाठीच जणू हा नियम आहे. तात्पुरत्या हवाई सुंदरी घेऊन रजेची सोय करता येते. मातृत्व लाभ कायदा तेव्हा वीस वर्षांचा झाला होता, त्यामुळे ही काही नवलाईची कल्पना नव्हती. गर्भार बाईची नोकरी घेणं हे निष्ठुर आणि क्रूर कृत्य आहे, इतकंच नव्हे तर भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असे निकालाचे शब्द.

पाठोपाठ न्यायालयाने एक सूचनाही केली: दोन मुलं हयात असताना तिसऱ्यांदा दिवस गेले तर नोकरी संपवण्याची तरतूद करायला हरकत नाही, ती वाजवी ठरेल. लोकसंख्येचा प्रश्न आहे आणि आईची प्रकृतीही.

म्हणजे अपमान पहिल्या मुलाला, तिसऱ्याला नाही. स्त्रीत्वाचा अपमान म्हणून नियम रद्द झाला, नोकरदार माणसाच्या हक्कावर घाला म्हणून नव्हे, त्यामुळे हे शक्य झालं. बाई आई म्हणून पूज्य ठरली की तिला संरक्षण मिळतं, पण किती मुलांपर्यंत पूज्य हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे जातो. जिंकलेल्या बाजूने या परिच्छेदाबद्दल आनंद मानावा की चिडावं, ठरवता येत नाही. मी दोन्ही करते.

पुढचा प्रवास

१९८९ मध्ये केंद्र सरकारने निर्देश दिले की हवाई सुंदरींनाही ५८ पर्यंत नोकरीत राहू द्यावं. महामंडळाने नोकरी ५८ पर्यंत दिली, उड्डाण मात्र आधी ४५ आणि नंतर ५० पर्यंतच. पुढे जमिनीवरचं काम. पुरुष सहकारी ५८ पर्यंत उडतच होते. ग्राउंड होणं म्हणजे फक्त मानाचा प्रश्न नव्हे. उड्डाणाचा भत्ता जातो आणि तो या नोकरीत पगाराचा मोठा भाग असतो.

पुन्हा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा भेदभाव ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये तो निकाल फिरवला. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सोयीची नसल्यामुळे ती गाळली जाते: हवाई सुंदरींमध्येच तेव्हा दोन तट होते. बऱ्याच जणींना पन्नाशीनंतर जमिनीवरचं काम हवं होतं. तीस वर्षं रात्री-अपरात्री उडून पाय सुजलेल्या बाईला ते का नको असेल? पण ज्यांना उडायचं होतं त्यांनाही संघटनेने महामंडळाशी केलेल्या करारात बांधलं गेलं. तिला निवड द्या, हे इतकं साधं उत्तर दोन न्यायालयांच्या वादात बाजूला पडलं. २००५ च्या अखेरीस महामंडळाने धोरण बदलून स्त्रियांना इनफ्लाइट सुपरवायझर होण्याची वाट मोकळी केली, तेव्हा पुरुष कर्मचारी कोर्टात गेले, कारण ते पद तोवर पुरुषांचं होतं. त्यांचं म्हणणं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही.

वय मार्गी लागलं, लग्न मार्गी लागलं, गर्भ मार्गी लागला. मग वजन आलं. ते आधीही होतंच, पण २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, केबिन क्रूच्या वैद्यकीय तपासणीत बॉडी मास इंडेक्सच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याच्या आकड्याच्या, मर्यादा घातल्या. पुरुषांसाठी १८ ते २५ ठीक. बायकांसाठी १८ ते २२.

गणित करून बघा. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६० किलो. इंडेक्स येतो साधारण २३.४. हा माणूस पुरुष असेल तर अगदी तंदुरुस्त, अजून चार किलो वाढले तरी चालेल. बाई असेल तर ती जाड. तिची मर्यादा ५६ किलोंच्या आसपास संपली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी रेघ एकच आहे, त्यामुळे हे वैद्यकशास्त्रातून आलेलं नाही. आपत्कालीन दरवाजा उघडताना किंवा ९० सेकंदांत विमान रिकामं करताना ६० किलोंचा पुरुष कुठे अडत नाही आणि ६० किलोंची बाई अडते, असंही कुणी दाखवलेलं नाही. २०१५ मध्ये वजनावरून सुमारे सव्वाशे कर्मचाऱ्यांना उड्डाणावरून उतरवण्याची तयारी चालल्याच्या बातम्या आल्या. त्या बातम्यांखाली ‘मग काय, शोभतं का तसं’ म्हणणारे आपलेच काका-मामा होते.

खाजगी मालकीत गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाच्या नव्या ग्रूमिंग नियमांची चर्चा झाली. पांढरे केस दिसता कामा नयेत, टिकली अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, मोत्याची कानातली नकोत. या वेळी पुरुषांनाही सोडलं नव्हतं. ज्यांचं टक्कल पुढे सरकलंय त्यांनी डोकं तासावं, असं होतं. समानता या मार्गाने येईल अशी कल्पना १९८१ च्या याचिकाकर्त्यांनी केली नसावी.

आणि तो अडचणीचा प्रवासी? त्याच्यासाठी नियम यायला २०१७ उजाडलं. डीजीसीएच्या बेशिस्त प्रवाशांविषयीच्या नियमांत तीन पातळ्या आहेत. शाब्दिक त्रास पहिल्या पातळीत, तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी. नको तिथे हात लावणं, लैंगिक छळ दुसऱ्या पातळीत, सहा महिन्यांपर्यंत. विमानाला किंवा जीवाला धोका तिसऱ्यात, किमान दोन वर्षं. खोसला निवाड्यापासून मोजलं तर बावन्न वर्षांनी त्या प्रसंगाचा खर्च, थोडा का होईना, तो घडवणाऱ्याच्या नावावर लागला. केबिन क्रूने तक्रार लिहायची, कॅप्टनने ती पुढे द्यायची, आणि कंपनीच्या समितीने, जिचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतो, तीस दिवसांत निर्णय द्यायचा. तक्रार लिहिणारीची नोकरी त्या तीस दिवसांत कुणाच्या मर्जीवर असते, हे तपासायला प्रत्येक विमान कंपनीचे कंत्राटाचे कागद उघडावे लागतील.